पिवळं कार्ड पाहायची परवानगी

३ फेब्रुवारी, चंद्रपूर
सकाळपासून यूजर बनवून राह्यली. गडचिरोलीकडच्या सगळ्या आरोग्यसेविका जुन्या ॲपमधून नव्यात आणायच्या. आता हातानं नाई, एपीआयनं, म्हणजे ॲपले हुकमाच्या ओळी पाठवून. एक ओळ पाठवली की यूजर तयार, दुसऱ्या ओळीत तिले कोणतं गाव दिसावं ते ठरते, तिसरीनं हक्क काढून घेता येते. जुन्या ॲपचा सगळ्या तालुक्याले मिळून एकच पासवर्ड होता. कोणाच्याही सिकलसेलची नोंद कोणीही उघडावी!
डॉक्टर मॅडम खूश. मी पण. दोन वर्षं झाली या संस्थेत, पहिल्यांदा वाटलं काही कामाचं केलं.

५ फेब्रु.
धानोऱ्याकडच्या यशोदाबाईचा फोन. सेविका आहे, जुनी, तिखट.
"पोरी, मले माह्या माहेरचं गाव काऊन दिसत नाई?"
म्हटलं, बाई, तुमच्याकडे नाई ना ते गाव आता. पाहायचंच असंन तं अर्ज टाका, कारण लिहा. तो माह्याकडे येते, मी हो-नाई करते.
"म्हंजे तू तहसीलदार झाली का वं?"
खूप हसली मी. फोन ठेवल्यावर मात्र वाटलं, खरंच, हो-नाई मी काऊन करते? मॅ.ले वेळ नाई म्हणून. बस, एवढंच कारण.

९ फेब्रु., सिंदेवाही
प्रज्ञाले, माह्या धाकट्या बहिणीले, पाहायले गोंडपिपरीचे लोक आले होते. मुलगा आयटीआयमधी शिकवते. तिनं त्याले तोंडावर विचारलं, "वाचता का काही?" तं म्हणे, "झोप येते." खरं बोलला म्हणून आवडला तिले. या पोरीचं काही सांगता येत नाई.
आमच्यात पत्रिका पाहत नाई, आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली तेव्हाच ते सुटलं. आता सिकलसेलचं कार्ड विचारतात. मुलाच्या मावशीनं विचारलंच, "पोरीचं कार्ड कोणतं?" आई पटकन म्हणाली, "पांढरं."
माह्या हातात पोह्याची बशी तशीच. प्र. आतमधी होती, तिनं ऐकलं नाई. पांढरं म्हणजे दोष नाई; तिचं पिवळं आहे, म्हणजे दोष रक्तात वाहते, कॉलेजच्या शिबिरात तपासलं होतं. तिले स्वतःले काही त्रास नाई. पण नवराही पिवळा निघाला तं लेकरू लाल कार्डाचं होऊ शकते, म्हणजे जन्मभराचं दुखणं. मी मुलाचं विचारलं तं मावशी म्हणे, "त्याचं बी पांढरंच."
आईले स्वयंपाकघरात गाठलं. "पिवळं सांगतलं की लोक उंबऱ्यावरून परततात," म्हणे. "दोनदा परतले. तुले आठवत नाई का?"
आठवते.

१२ फेब्रु.
अर्जांची यादी उघडली. तिसराच अर्ज गोंडपिपरीच्या एका सेविकेचा. कोणाची नोंद पाहायची: प्रज्ञा, सिंदेवाही. कारण: "घरचं काम."
नाव वाचलं. तीच मावशी. ती आमच्याच ॲपवर काम करते हे मले कुठी माहीत होतं! आईचं 'पांढरं' तिले काही पटलं नाई, दिसते.
खाली दोन बटणं, मंजूर आणि नामंजूर. असे अर्ज मी दणादण नामंजूर करते. सोयरीक हे कारणच चालत नाई, नियम माह्याच हातचा. मग आज हात काऊन अडला? कारण आज नियम माह्या घरच्या फायद्याचा आहे. मंजूर केलं तं बहिणीचं मोडते. नामंजूर केलं तं आईच्या खोट्यावर शिक्का मारणारी मीच.
चहा प्यायले गेली. परत आली, अर्ज तिथीच.

१३ फेब्रु.
मॅ.ले विचारलं, नाव न सांगता. "नामंजूर कर, त्यात काय?" म्हणाल्या. मग चष्म्यावरून पाहिलं. "तुझ्या घरचं आहे का?" खोटं बोलताना माह्ये कान लाल होतात, काय करू. "मग तू ठरवायचं नाही. मी ठरवते." आणि सोमवारी पाहू म्हणून शिबिराले निघून गेल्या. झालं.

१५ फेब्रु., सिंदेवाही
प्र.ले सगळं सांगितलं. आईचं पांढरं, मावशीचा अर्ज, सगळं. गच्चीवर कपडे वाळू घालत होती. शेवटचा चिमटा लावला अन् म्हणे,
"आईनं सांगतलं, मावशीनं विचारलं, तू ठरवून राह्यली, तुह्या मॅडम ठरवून राह्यल्या. रक्त कोणाचं हाय वं?"
ॲपमधी सेविका आहे, डॉक्टर आहे, लॅबवाला आहे, मी आहे. ज्याची नोंद आहे तो माणूस यूजरच नाई. दोन वर्षं परवानग्या लिहून राह्यली आणि हे दिसलं नाई मले. मोठी शहाणी!
लाज वाटली. आत्ताही वाटते.

१७ फेब्रु.
मॅ.शी भांडली. म्हटलं नवा हक्क बनवते, 'स्वतः' नावाचा. अर्ज ज्याच्या नोंदीचा, त्याच्याच फोनवर जाईन. हो-नाई त्याचं.
मॅ. म्हणाल्या, "घरात एक फोन, तो सासऱ्याच्या खिशात. सुनेच्या नोंदीला हो कोण म्हणेल?"
बरोबर होतं त्यांचं. शेवटी यशोदाबाईले फोन केला. ती म्हणे, "फोनवर पाठवूच नोको. मी जातो ना घरोघरी. बाईले बाजूले घेईन, विचारीन, हो म्हनली तं अंगठा घेईन."
स्वतःचा फोन असंन तं फोनवर, नसंन तं सेविकेमार्फत, एकटीले गाठून. मॅ. कबूल झाल्या. सध्या थोड्या लोकांपुरतं.

२१ फेब्रु.
चाललं! प्र.ले विचारून तिले यूजर केलं. मावशीचा अर्ज माह्या यादीतून निघाला, प्र.च्या फोनवर गेला.
आईचा फोन. प्र.नं सांगतलं असंन तिले. "नामंजूर करून टाक, तुह्या हातात हाय."
"नाई राह्यलं आई हातात."
"मंग काढलं काऊन?"
रडली. मले वाईट वाटलं. तिचं चूक आहे, पण ती दोन वेळची परतलेली माणसं तिनंच झेलली होती, मी नाई.

२४ फेब्रु.
प्र.नं 'हो' दाबलं. मले विचारलंही नाई. मावशीनं लगेच नोंद उघडून पाहिली. आई जेवली नाई.
आणि प्र.नं स्वतःचा अर्ज टाकला. मुलाची नोंद पाहायची. कारण: "याच्याशी लग्न करायचा विचार आहे." चार सेविकांनी शिकावं असं कारण! त्यालेही यूजर केलं, एकाच ओळीचं काम.

२८ फेब्रु.
चार दिवस झाले. त्याचा हो नाई, नकार नाई. मावशीही चूप.
आई: "तुले तं सगळ्यांचं दिसते. पाह्य ना एकदा. कोणाले कळते?"
दिसते, खरं आहे. माह्या चावीनं कोणाचीही नोंद उघडते. दुपारी त्याची नोंद उघडायची ओळ लिहिली बी. पाठवायचंच बाकी होतं. माहीत झालं तं निदान सावध करता येईन, असं मनाले समजावून राह्यली. मंग ती खोडली अन् दुसरी पाठवली, माहा स्वतःचा नोंदी पाहायचा हक्कच काढून टाकायची. यूजर बनवता येईन, हक्क देता येईन, पण रिपोर्ट दिसणार नाई. मॅ.ले कळवलं. "परत घेता येणार नाही हं, मी देणार नाही," म्हणाल्या.
हलकं वगैरे काही वाटलं नाई. चिडचिडच झाली.

२ मार्च, सिंदेवाही
प्र.ले त्याचा फोन आला होता, स्वतःचा. अर्जाले उत्तर काऊन दिलं नाई, तं म्हणे नोंद पाहून तोच घाबरला. त्यानं तपासणीले कधी रक्त दिलंच नाई. मावशीनं घरबसल्या 'पांढरं' लिहून टाकलं होतं, भाच्याचं भलं व्हावं म्हणून. आमच्या आईनं तोंडानं केलं तेच तिनं ॲपमधी केलं. अशा किती नोंदी असतील, देव जाणे. मॅ.ले सांगावंच लागंन, आणि मावशी कोण हेही सांगावं लागंन.
तो बुधवारी रक्त द्यायले जाणार आहे. प्र.ले म्हणाला, तू पण ये. ही तयार झाली.
म्हटलं, रिपोर्ट आला की सांगशीन ना? मले आता दिसणार नाई.
"त्याले विचारीन," म्हणे. "तो हो म्हनला तं सांगीन."