मेल्ट म्हणजे काय, ते सरांना सांगा

सेलम, रविवार

तीर्थस्वरूप दादासो मामांना, भाचा इंद्रजितचा इथनंच वाकून नमस्कार (तुमी रागानं पाय मागं घेतलं असतील, तरी पोचला म्हणून धरा). गुडघा कसा हाय? मामी बऱ्या हायत ना? फोनवर तुमी मला चार शब्द बोलू देत न्हाई, म्हणून कागद धरलाय.

तुमचं म्हणणं, आष्ट्याच्या सरांची माफी माग, म्हणजे त्यांच्या पल्लवीशी सोयरीक जमंल. मी माफी मागणार न्हाई. काय केलं मी? पोरगी बघायला गेलो, पोहं झालं, सरांनी हात हलवला आन् माझी नजर अंगठीवर गेली. सात वर्षं गलाईच्या दुकानात सोनं वितळवतोय, नजर दुसरीकडं जाणार कुठं? "सर, ह्यात तांबं लय हाय," एवढंच म्हणालो. ती अंगठी त्यांच्या सासऱ्यांनी लग्नात घातलेली, आन् सासरे शेजारच्याच खुर्चीत, हे मला कुणी सांगायचं? (मध्यस्थ तुमी होता.) वर हात धुताना मी खाली बादली शोधली. आमच्या दुकानात हात धुतलेलं पाणी कुणी सांडत न्हाई, गाळात सोन्याचा कण निघतो. हातांना सवय हाय. त्यांना वाटलं, ह्याला बेसिन म्हाईत न्हाई.

मग सरांनी उट्टं काढलं. "दुकानाच्या पाटीवर मेल्टिंग लिहिलंय ना? मग मेल्ट हा शब्द आला कुठून, सांगा बघू." मी नववी नापास. सासरे खदाखदा हसले.

आता ऐका. इथं एक म्हातारे प्राध्यापक तुटकी चेन वितळवायला आलते, त्यांना तीन चहा पाजून मी सगळं काढून घेतलं. शब्द इंग्रजांच्या हजार वर्षांमागच्या बोलीतला. मूळ अर्थ मऊ होणं. आपला मृदू त्याच भावकीतला म्हणत्यात. लोणी पातळ झालं तरी मेल्ट, माणसाचं मन द्रवलं तरी मेल्ट, चोर गर्दीत दिसेनासा झाला तरी मेल्टच. त्याचं 'मोल्टन' असं एक जुनं रूप होतं. लोण्याबिण्यानं ते कवाच टाकलं, पण वितळलेल्या धातूला अजून मोल्टनच म्हणत्यात. म्हणजे इंग्रजांचं जुनं रूप आमच्या धंद्यानं सांभाळलंय! सरांच्या पुस्तकात हा शब्द गार पडून असतो. माझ्या मुशीत तो हजार चौसष्ट डिग्रीला उकलतो, आन् मनगटावर त्याचे डाग हायत. घ्या म्हणावं परीक्षा.

जमलं तर जमलं. मी कुणाच्या दारात उभा राहणार न्हाई.

तुमचा,
इंद्रजित

ता. क. आपल्या शाळेतनं माझा दाखला तेवढा काढा. सतरा नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसतोय. मुदत शुक्रवारपर्यंत हाय. सरांना कळू देऊ नका, त्यांना वाटंल त्यांच्यामुळं.

आणखी ता. क. दाखला कुरियरनं पाठवू नका. बुधवारी विट्याच्या स्टँडवर पल्लवी येईल, तिच्या हातात द्या. फॉर्म तीच भरणार हाय. इंग्रजीबी तीच शिकवतीया, रोज फोनवर.

शेवटचं. इथं भाड्याचं घर बघतोय. मी दोन खोल्या म्हणालो, तिनं तीन सांगितल्या. तिसरी सरांना. रुसून का हुईना, सुट्टीत येतीलच म्हणते.