चौघांचे बारा बटाटे

प्रिय मिर्ता,

सगळं बदललं ते त्या गुरुवारी संध्याकाळी सहाला, तुझ्या आईने दार उघडलं तेव्हा. "अरे क्वाकू! आम्ही जेवायला बसलोय. तू बाहेरच्या खोलीत बस, वीस मिनिटांत आलोच."

तिकडे माझ्या देशात, आमच्या कुमासी शहरात, रस्त्याने जाणाऱ्यालाही "ये, चार घास खा" म्हणतात. मी काट्याचमच्यांचे आवाज ऐकत बसलो आणि शेवटी भडकून आत आलो. "तुझ्यासाठी कॉलेज सोडलं, आणि तुझ्या घरात मला एक बटाटा नाही?"

तू शांतपणे म्हणालीस, "नाही. चौघांचे बारा उकडलेत. सकाळी कळवलं असतंस, तर पंधरा टाकले असते."

मी तडक निघालो. तू समजूत काढायला येशील म्हणून दोन महिने वाट पाहिली. टोमॅटोच्या काचघरात माझ्याबरोबर राबणारे योपकाका हसले, "रुसून बस हवा तितका. हा हॉलंड आहे, पोरा. भेटायचं तर वेळ माग."

मागितली. तू एकोणीस दिवसांनंतरची दिलीस, रविवारी अडीच ते चार. पूर्वी मी फोनच आपटला असता. या वेळी थांबलो. काल कालवे गोठले, सगळं गाव स्केटिंगला पळालं. वाटलं, तूही विसरणार. पण तुझा निरोप आला, "उद्या अडीच. नक्की."

एक कबूल करायचंय. कॉलेज तुझ्यासाठी सोडलं नव्हतं. नापास झालो होतो. कागदावर हे सोपं गेलं, म्हणूनच पत्र इथेच ठेवतो. तुझ्यासमोर बसून सांगेन. मग ठेव नाहीतर हाकल.

दोन वाजले. दार लावून निघतोच.

तुझाच,
क्वाकू