आवळ्याखालची ठकूताई

॥ श्री ॥

विजय नगर, जबलपूर
१८ नोव्हेंबर २०२४

चि. अवंतिकास,

अनसूयाआत्याचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

तू त्रिशूरला सुखरूप पोहोचलीस हे तुझ्या आईकडून कळलं. माझ्याकडून काही कळायला मात्र आता पोस्टमनची वाट पाहावी लागेल. आपलं ठरलंय ते विसरू नकोस. तुझा कोळी मी सांभाळायचा आणि तू मला मराठीतून, स्वतःच्या हातानं पत्रं लिहायची. कोळ्याची बातमी फोनवर मिळणार नाही. माझी सख्खी भाची दर दुसऱ्या शब्दाला हिंदीचा हात धरते, हे मला बघवत नाही.

आवळीभोजनाला बरेला रोडच्या बगीच्यात सगळे जेवणावर तुटून पडले होते आणि तू आवळ्याखालचा पाचोळा चमच्यानं उलटत बसली होतीस. त्यातून हे रत्न काढलंस आणि श्रीखंडाच्या रिकाम्या डब्यातून घरी आणलंस. तुझी आई कोळी दिसला की पलंगावर चढते, म्हणून ही पाहुणी माझ्या गळ्यात पडली. चलो, पडली तर पडली. पाचोळा घातलेल्या काचेच्या बरणीत, तोंडाला पंच्याचा तुकडा बांधून, मागच्या व्हरांड्यात तिची सोय केली आहे. मी तिचं नाव ठकूताई ठेवलंय.

तुझे काका खुशीत आहेत. जन्मभर फॅक्टरीत तोफांचे सुटे भाग तपासले, निवृत्तीनंतर मापायला काही उरलं नव्हतं. आता रोज काचेला कॅलिपर लावून ठकूताईचा पाय मापतात. झुरळंही तेच पकडून घालतात, कारण माझ्या हातून ते पाप होत नाही. शेजारच्या भानुमतीवहिनी म्हणाल्या की लोक पोपट पाळतात, तुम्ही हे काहून पाळून राहिल्या. मी म्हटलं, पोपट फार बोलतो.

एक शंका आहे. आठवडा झाला तरी हिनं जाळं विणलेलं नाही. आळशी आहे की आजारी, ते कळव.

तब्येतीला जप. लोभ आहेच, तो शाईनं दिसावा.

तुझी,
अनसूयाआत्या

*

त्रिशूर
२७ नोव्हेंबर २०२४

ती. सौ. अनसूयाआत्यास,

सा. न. वि. वि.

हे पत्र तिसऱ्यांदा लिहिते आहे. पहिल्या दोन्हींत इतकी हिंदी शिरली होती की तू परत पाठवली असतीस.

ठकूताई आळशी नाही. ती भटक्या कोळ्यांपैकी आहे. हे लोक जाळं विणून बसत नाहीत, पायी हिंडून शिकार करतात. ओळखायची खूण डोळ्यांत असते. काकांना भिंगातून बघायला सांग. आठ डोळे तीन ओळींत आहेत, पुढे दोन, मग चार, मागे दोन.

आता हे सगळं काहून करून राहिले ते सांगते, कारण निघायच्या घाईत नीट सांगितलंच नव्हतं. गेल्या वर्षी त्याच बगीच्यात मला या जातीचे दोन नर मिळाले. पुस्तकातल्या कुठल्याही नराशी ते जुळत नाहीत. मी नाचले. पण आमचे हेमचंद्र सर म्हणाले की नाचू नकोस. जुन्या लोकांनी काही जाती फक्त मादीवरून नोंदल्या आहेत, तिचा नर कुणी पाहिलेलाच नाही. तुझे नर त्यांतल्याच एखादीचे नवरे असतील तर नवीन जात कसली. म्हणून मला मादी हवी, आणि मोठी झालेली हवी. मादी मोठी झाली की तिच्या पोटाखाली एक बारीक कडक टिकली उमटते. दर जातीची टिकली वेगळी. ती बघितल्याशिवाय ओळख पटत नाही.

ठकूताई अजून लहान आहे. आणखी एकदा कात टाकेल आणि मोठी होईल. गाडीच्या हादऱ्यात कात टाकताना मेली असती, म्हणून तुझ्याकडे ठेवली. ती गेली तर पुढच्या दिवाळीपर्यंत मला दुसरी शोधता येणार नाही, आणि माझ्या पीएचडीची मुदत त्याआधी संपते. घाबरवत नाही, पण खरं तेच लिहिते. तिनं कात टाकली की ती जपून ठेव.

काकांना नमस्कार. झुरळं लहान घाला म्हणावं. तुझा लोभ आहे म्हणूनच एवढं मागायचं धाडस झालं.

तुझी,
अवंतिका

*

॥ श्री ॥

जबलपूर
२३ डिसेंबर २०२४

चि. अवंतिकास,

आशीर्वाद. वि. वि.

हे पत्र बसून वाच. फोन करून सांगायचं माझ्या जिवावर आलं, म्हणून नियमाचा आडोसा घेते आहे.

ठकूताई गेली.

मार्गशीर्षातल्या पहिल्या गुरुवारी तिनं झुरळाला तोंड लावलं नाही. माझाही गुरुवारचा उपास होता, मला कौतुकच वाटलं. शुक्रवारीही खाल्लं नाही. पुढे खाणं सोडलंच. काकांनी लहान झुरळ घातलं, झिंगूर घातला, पण ती पाचोळ्याखाली दडून राहिली. तू सांगितलेल्या कातीची मी रोज वाट बघत होते. सापाची असते तशी लांब, पांढरी काही दिसते का म्हणून भिंग घेऊन बसायचे. तसलं काही दिसलं नाही. परवा सकाळी बघते तर ती पाचोळ्यावर पाय पोटाशी घेऊन पडलेली. बरणी हलवली, हलली नाही. काकांनी चिमट्यानं उचललं आणि मापायला लागले. म्हणाले, ही इतकी हलकी कशी. मी त्यांच्यावर फार ओरडले. मेलेल्याला तरी मापू नका म्हटलं.

अवंतिका, मी रडले. बरणीतल्या कोळ्यासाठी रडले हे तुझ्याखेरीज कुणाला सांगणार नाही. तिला केराच्या टोपलीत टाकवेना. संध्याकाळी आम्ही दोघं ग्वारीघाटला गेलो. पानाच्या द्रोणात झेंडूची दोन फुलं, एक दिवा आणि ती, अशी नर्मदामाईच्या हवाली केली. नावाड्यानं विचारलं की कोण गेलं. काका म्हणाले, घरातलंच होतं.

बरणीतला पाचोळा कढीपत्त्याच्या कुंडीत टाकला, बरणी घासली आणि तीत मेथी भरली. रिकामी बघवत नव्हती. तुझं एवढं मोठं काम माझ्या हातात होतं आणि मला ते सांभाळता आलं नाही, याचं फार वाईट वाटतं. तुझ्या सरांना माझं नाव सांगू नकोस.

माझ्यावरचा लोभ कमी करू नकोस.

तुझी,
आत्या

*

॥ श्री ॥

जबलपूर
४ जानेवारी २०२५

चि. अवंतिकास,

अनेक, अनेक आशीर्वाद. वि. वि.

तुझा फोन आला तेव्हा नियम मोडलास म्हणून रागावणार होते, पण तू हसतेस की रडतेस तेच कळेना. डोक्यावरचं कवच झाकणासारखं उघडलं होतं का, असं तू विचारलंस. उघडलं होतं. मला वाटलं, काकांच्या कॅलिपरनं तुटलं. ते बिचारे तेव्हापासून गप्प होते. आता घरभर सांगत फिरतात की माल पोकळ असल्याचं मी वजनावरूनच ओळखलं होतं, पण बाई ऐकत नाहीत.

म्हणजे मी नर्मदेत सोडली ती ठकूताईची कात. आठ पायांसकट, केसांसकट अख्खी कात असते, हे मला सांगायला तुझ्या पत्रात जागा उरली नव्हती का? आणि खरी ठकूताई पाचोळ्याबरोबर कुंडीत गेली होती.

कुंडीत ती नव्हती. मग सुरू झाली शोधमोहीम. तू सांगितलंस तसं दिवेलागणीला व्हरांड्यातले दिवे मालवायचे, टॉर्च कानशिलाशी धरायचा आणि जमिनीवर नजर फिरवायची, म्हणजे तिचे डोळे चमकतील. काका टॉर्च कपाळाला रुमालानं बांधून रांगत होते. पहिल्या दिवशी चमकली ती माझी हरवलेली टिकल्यांची साडीपिन. दुसऱ्या दिवशी भानुमतीवहिनींचं मांजर. वहिनींनी ठकूताई सुटल्याचं ऐकून दारंखिडक्या लावून घेतल्या होत्या, पण तिसऱ्या दिवशी कुतूहल आवरेना, कुंपणापाशी स्टूल घेऊन बसल्या. दिसल्यावर सांगजो भैया, म्हणून काकांना सूचना देत होत्या.

काल दिसली. काकांचे फॅक्टरीतले जुने बूट कोपऱ्यात पडून असतात ना, त्यातल्या डाव्यातून हिरवट चमक आली. काकांनी बुटातून तिला बाहेर काढलं, वर काचेचा पेला ठेवला आणि खालून तुझ्या चुलतभावाची लग्नपत्रिका सरकवली. मेथी डब्यात गेली, ठकूताई बरणीत आली. मी देवापुढे साखर ठेवली.

ती मोठी झाली आहे. काचेला पोट लावून बसली तेव्हा खाली काळसर टिकली स्पष्ट दिसली. फोटो तुझ्या मोबाइलवर पाठवला आहे, पण मजकूर इथंच.

आता मनातलं सरळ विचारते. भानुमतीवहिनींचा नातू म्हणाला की शास्त्रज्ञ असल्या किड्यांना स्पिरिटात घालतात. तुलाही घालावं लागेल ना? मला तुझी मुदत कळते, तुझं काम मोठं आहे. पण एकदा मी तिला पोहोचवून आले आहे. ती तिच्या मरणानं जाईपर्यंत थांबता येईल का, एवढं सरांना विचार. नाही म्हणाले तर मी काही बोलणार नाही.

लवकर ये. लोभ इथं बरणीभर आहे.

तुझी,
आत्या

*

त्रिशूर
१४ फेब्रुवारी २०२५

ती. सौ. अनसूयाआत्यास,

सा. न. वि. वि.

तिळाचे लाडू प्रयोगशाळेत पोहोचले आणि त्याच दिवशी संपले. संक्रांतीला तिकडे आले तेव्हा तुझ्या डायनिंग टेबलावर मायक्रोस्कोप मांडून ठकूताईला काचेशी अलगद टेकवून पाहिलं, ते फोटो मी सरांना दाखवले. सर महिनाभर जुने निबंध काढून एकेक टिकली ताडून बघत होते. आज त्यांनी मला बोलावलं. म्हणाले, आता नाच.

आत्या, ही कुणाचीच नाही. अशी टिकली कुठेच नोंदलेली नाही. नवीन जात आहे. आणि ही माझ्या नरांचीच मादी आहे हेही पटलं, कारण बगीचा एक, पाठीवरचा पट्टा एक आणि पायांवरच्या काट्यांची रचना एक. काकांनी लिहून ठेवलेली मापं मी सरांना दिली. त्यांनी विचारलं की हे कुठल्या प्रयोगशाळेत घेतलं. मी सांगितलं, विजय नगरच्या व्हरांड्यात.

तुझा प्रश्न मी घाबरत घाबरत विचारला. नमुना संग्रहालयात ठेवावाच लागतो, त्याशिवाय वर्णन पक्कं होत नाही. पण सर म्हणाले, बाकीचं लेखन तोपर्यंत कर. मोठी मादी काही महिनेच जगते, तेवढे दिवस त्या बाईंच्या घरी काढू दे. मुदत थोडी ताणेल, ती मी ताणून घेतली आहे.

तेव्हा तिला पोटभर खाऊ घाल. लोभ आहेच, लाडू पुन्हा पाठव.

तुझी,
अवंतिका

*

॥ श्री ॥

जबलपूर
९ जून २०२५

चि. अवंतिकास,

आशीर्वाद. वि. वि.

ठकूताई गेली. ह्या वेळी खरंच गेली. काकांनी वजन केलं, मी डोक्यावरचं झाकण तपासलं, भानुमतीवहिनींनी स्वतः बरणीतला पाचोळा चाळून दुसरी कुणी नाही याची खात्री केली. वहिनींचे डोळे भरून आले होते, पण कबूल करत नाहीत.

तू दिलेल्या बाटलीत तिला ठेवलं आहे. वहिनींचा नातू केतन पुढच्या आठवड्यात कोचीला जातो आहे, तो आणून देईल. मी ठीक आहे. ती सुखानं राहिली, शेवटपर्यंत काकांच्या बुटातच झोपायची, आम्ही तो बूट आणि आडवी केलेली बरणी एकाच मोठ्या पेटीत ठेवली होती. मला तिची आठवण येते आणि ते चांगलंच वाटतं.

एक मात्र बजावते. तिला माझं नाव द्यायचं मनात असेल तर काढून टाक. विनतावन्स मला जन्मभर आठ पायांची अनसूया म्हणतील.

लोभ नेहमीसारखा.

तुझी,
आत्या

*

त्रिशूर
१५ ऑक्टोबर २०२५

ती. सौ. अनसूयाआत्यास,

सा. न. वि. वि.

निबंध स्वीकारला गेला. छापला जाईल तो इंग्रजीत, पण वर्णन आधी मराठीत लिहून तुला पाठवायचं ठरवलं होतं. चुका असतील तर लाल शाई वापर.

मादी. बरेला रोड, जबलपूर, आवळ्याखालचा पाचोळा. अंग तपकिरी, पाठीवर मधोमध फिकट पिवळा पट्टा, डोळ्यांपासून मागे निमुळता होत गेलेला. डोळे आठ, दोन, चार, दोन असे. पाय लांब, केसाळ, आतून काट्यांच्या जोड्या. टिकली रुंद, खालच्या बाजूला दोन बाकदार टोकं. जाळं विणत नाही. दिवसा पाचोळ्यात किंवा बुटात राहते. संगोपन, अनसूया व शशिकांत टेंभेकर.

बूट सरांनी खोडला होता. मी पुन्हा लिहिला आणि त्यांनी राहू दिला.

तुझं नाव दिलेलं नाही. तुझी आज्ञा पाळली. जातीचं नाव आम्ही ग्वारीघाटेन्सिस ठेवलं आहे. सर आधी नाही म्हणाले. नाव गावाचं द्यायचं तर कोळी त्या गावी सापडायला हवा, आणि ग्वारीघाटला हा कुणालाच सापडलेला नाही. मग मी त्यांना द्रोण, झेंडू, दिवा आणि काकांनी नावाड्याला दिलेलं उत्तर, सगळं सांगितलं. ते बराच वेळ हसत होते. नंतर चष्मा पुसायला लागले आणि म्हणाले, ठेव तेच.

नावाचं कारण निबंधात द्यावं लागतं. मी एकच ओळ लिहिली आहे, ती इथं मराठीत देते. नर्मदेच्या ज्या घाटावर या कोळ्याला घरातलं माणूस समजून निरोप दिला गेला, त्या घाटावरून.

आवळीभोजनाला येते आहे. तोफखान्यातला बूट काढून ठेव, आणि एक चमचा. लोभ असाच मराठीत चालू ठेवावा.

तुझी,
अवंतिका