खंड्याची चोच आणि आम्ही दोघी

मंगळवार, २४ जून. दिवसभर उकाडा होता. शाळा सुटल्यावर जिंतूरच्या नेट कॅफेत जाऊन धाकट्या लेकीचा कृषी पदवीचा अर्ज भरून आले. थोरली परभणीला तेच शिकतेय, दुसऱ्या वर्षाला आहे.

आबा, तुम्ही जाऊन एकवीस वर्षं झाली. असता तर हा अर्ज भरू दिला नसता. काल जाऊबाई तुमचंच बोलल्या. "दोघी एकाच लाइनीत कशाला गं? उगं एकमेकीच्या पायात पाय." धाकटी भाकरी मोडता मोडता म्हणाली, "काकू, तुमचे दोन्ही भाऊ पूर्णेला रेल्वेतच हायत की. एकजण गाडी पुढं वढतो अन् दुसरा मागं का?" जाऊबाई हसल्या. मला हसू आलं नाही, मला माहेरचा, बोरीचा बंधारा दिसत होता.

तुम्ही विज्ञानाचे शिक्षक. रविवारी सकाळी ताईला आणि मला बंधाऱ्यावर नेता. दोन प्रकारचे खंड्या पक्षी बसलेले असतात. लहानगा निळा बारके मासे धरतो. दुसरा थोराड, लाल जाड चोचीचा, टोळ आणि सरडेही सोडत नाही. तुम्ही हळू आवाजात सांगता, "जवळच्या नात्याची पाखरं एकाच खाण्यावर टपली की लय झुंज व्हते. ज्याची चोच येगळी त्याला येगळं खाणं घावतं, ते टिकतं. हजारो पिढ्या असं चाललं की चोची निराळ्या होत जातात."

हे तुम्ही घरातही आणलंत. गावात बहिणींना एकाच ताग्यातलं कापड घ्यायची रीत. तुम्ही आम्हाला कधी घेतलं नाही. ताई गणितात पहिली आली तर मला चित्रकलेची वही. बारावीनंतर मीही कृषीला जाते म्हणाले, तेव्हा स्वयंपाकघरात पाटावर बसून, जेवता जेवता तुम्ही म्हणालात, "ताई हाय तिकडं. तू डी.एड. कर. एका बंधाऱ्यावर दोन सारख्या चोची नकोत, बाई." आई चुलीवरची भाकरी उलटत राहिली.

मी शिक्षिका झाले, चांगली झाले. पण आबा, तुमचं चुकलं. आता तोच धडा मी शिकवते, म्हणून सांगते. ती पाखरं दोन प्रजातींची असतात. ताई आणि मी एकाच घरट्यातल्या होतो. त्या पाखरांना काठावर बसून कुणी चोच ठरवून देत नाही. आणि खाणं तोकडं पडलं तरच झुंज होते. आमच्या घरात काय तोकडं होतं? हजारो पिढ्यांचं काम तुम्ही एका जेवणात उरकलंत.

माझ्या मुली भांडतील तर भांडू देत. एकीला जास्त मार्क पडतील, दुसरी रुसेल. मी मधे पडणार नाही.

एक गोष्ट ताईलाही सांगितलेली नाही. त्या दिवशी मी मोरीत जाऊन रडले, पण तुम्ही नको म्हणालात तेव्हा आतून हायसं वाटलं होतं. तिथंही ताईच्या मागे, दुसऱ्या नंबरवर राहण्याची मला भीती होती. ती भीती लपवून, सगळा दोष तुमच्या नावावर टाकून मी इतकी वर्षं काढली.

हा कागद शाळेच्या वहीत ठेवते. घरात कुणी नाही. गवार मोडायला बसते.