रक्त धुण्याची दुसरी खेप

३ फेब्रुवारी १९६६, मालवण
ह्यांच्या टाचेत दुकानातली मोडकी सुई घुसली. कळलंच नाही! जमिनीवर रक्त मी पाहिलं तेव्हा समजलं. म्हणतात, "पाय माझे नायतच असा वाटता." आधी तळव्यांची आग, आता बधिर. शिंप्याचा धंदा पायांवरच — काय करायचं?

७ फेब्रुवारी
डॉक्टरांनी हात पुढे धरायला लावले. पंजे मनगटातून आपोआप खाली पडत होते. मला बाहेर बोलावून म्हणाले, मूत्रपिंडं निकामी होत आलीत, रक्तातलं विष नसांत गेलंय, डोक्यात चढतंय. मुंबईला न्या. तिथे यंत्रानं रक्त धुतात. रक्त धुतात!

१२ फेब्रुवारी
भर दुपारी ह्यांनी मला दारातून हाकललं. "तू कोण गो? माझी सुगंधा खंय आसा?" पंधरा वर्षांचा संसार. सासूबाई म्हणाल्या, बाहेरचा लागला, देवाक गाऱ्हाणा घालूया. घातलं. मीही हात जोडले. मग बोटीची तिकिटं काढवली.

१८ फेब्रुवारी, मुंबई
लवूभावजींनी — माझे धाकटे दीर — हॉस्पिटलात सोय केली. सहा तास ह्यांचं रक्त नळ्यांतून फिरत होतं. शेवटी डोकं धरून ओरडले, ओकले, आणि झटका आला. नर्स म्हणाली, रक्त भरभर साफ झालं की मेंदूला सोसत नाही.

१९ फेब्रुवारी
सकाळी डोळे उघडले. "सुगंधा, जेवलंस काय गो?" जिन्यात जाऊन पोटभर रडले.

२२ फेब्रुवारी
डॉक्टरांनी ह्यांच्यासमोरच सांगितलं. मूत्रपिंडं सुकलीत, परत चालायची नाहीत. धुणं म्हणजे चार-सहा दिवसांची उसंत. यंत्र एकच. उद्याची खेप ह्यांची. पलीकडच्या खोलीत एकोणीस वर्षांची बाळंतीण आहे, तिची लघवी बंद पडलीय. तिची मूत्रपिंडं नुसती दमलीत. वेळेवर रक्त धुतलं तर जागी होतील.

हे म्हणाले, "माझी खेप तिका द्या."

मी भांडले. लोकांदेखत! "आणि माझा काय?"

"आज माझा डोक्या जाग्यार आसा गो. उद्या नसात. आजच सांगूक व्हया."

२३ फेब्रुवारी
तिला नेलं यंत्रावर. मी ह्यांच्याशी बोलले नाही.

२४ फेब्रुवारी
आजही नाही. पाणी दिलं, अंग पुसलं.

१ मार्च, मालवण
बोटीनं परत. हे दिवसभर पेंगतात, मधेच दचकतात. सासूबाईंनी विचारलं, "परत कित्या हाडलंस?" का परत आणलं, काय सांगू? दमले मी. राग येतो, तोही दमूनच.

६ मार्च
लवूभावजींचं कार्ड आलं. ती मुलगी वाचली. लघवी सुरू झाली, बाळाला पाजते आहे. ह्यांच्या उशाशी बसून मोठ्यानं वाचलं — दोनदा. ह्यांनी कार्डावरच्या 'मुलगी' शब्दावर बोट ठेवलं.

"ह्या चेडू कोणाचा गो?"

म्हटलं, "आपलाच."