बाहेरच्या हवेची नळी

११ एप्रिल, शुक्रवार

उशीर झाला, माफ कर. होळीपासून तुझं एकही पान उघडलं नाही. वनखात्यात वॉचमन होतो तेव्हा रोज लिहावं लागायचं – कुठे वणवा, कुठे चोरतोड. शाळा चौथीपर्यंत, पण लिहायची सवय तिथे लागली. मध्येच सुटली की चुकल्यासारखं होतं. आणि यंदा भीतीने सुटली.

आज लिहायलाच हवं. हर्षाली पुन्हा तापली.

माझी नात. माझ्या पोराची, कमलेशची मुलगी, सात वर्षांची. तिला घाम येत नाही. जन्मापासूनच नाही. घाम नाही म्हणून अंग थंड होत नाही, ऊन चढलं की पोरीचं अंग तव्यासारखं होतं. आज मांजराच्या मागे परसात गेली आणि चिंचेखाली बसली ती उठेना. डोळे वर गेलेले. मी उचलून आणली, टबात बसवली. सुकरी तिच्या डोक्यावर तांब्याने पाणी ओतत होती आणि मला म्हणत होती, "रडताय काय, विहिरीवर जा, पाणी आणा." मी रडतोय हे मला तिच्या बोलण्यावरून कळलं.

पन्नास वर्षांचा संसार झाला, सुकरी अशीच. मी घाबरायचं आणि तिने काम करायचं.

१२ एप्रिल, शनिवार

कमलेश आणि सून रंजना पोरीला नाशिकला दाखवून आले. डॉक्टर म्हणाले, एक खोली गार करून भागणार नाही. पोर ती, एका खोलीत बसेल का? या खोलीतून त्या खोलीत जाईल, स्वयंपाकघरात जाईल आणि पडेल. सगळं घर सारखं गार पाहिजे. कूलरने हवा दमट होते, तिला त्याचा उपयोग नाही.

रंजना दाभोशाला शाळेत शिकवते, जीपने जाते. कमलेश जव्हारला कचेरीत. दिवसभर पोर आमच्या दोघांच्या हवाली. म्हणजे काही झालं तर माझ्या हातात होणार.

१६ एप्रिल, बुधवार

कमलेश मोबाइलवर मशीनच बघत असतो. घरभर गारवा देणारी मशीन स्वस्तात कुठली मिळेल, एवढंच डोक्यात. आमच्या साखरशेत गावात असं कोणाकडेच नाही, विचारायचं कोणाला? जव्हारचा एक दुकानदार म्हणाला, प्रत्येक खोलीत वेगळा ए.सी. लावा. पण आपल्या खांबावरची लाईट तेवढ्यांना पुरायची नाही. दुसरा म्हणाला, बंद पडलेल्या लग्नाच्या हॉलची जुनी मोठी मशीन आहे, स्वस्तात देतो. ती बघायला मलाही नेलं. आत उंदरांची बिळं होती. मी म्हटलं, "ही नको." कमलेश म्हणाला, "बाबा, तुम्हाला कुठली पाहिजे ते एकदा सांगा. आल्यापासून नुसतं नको नको चाललंय."

मला कुठलीच नको. पण पोरीला पाहिजे. हे त्याला कसं सांगू?

२० एप्रिल, रविवार

गौतम आला. मोखाड्याचा पोरगा, ठाण्याला हेच काम करून परत आलाय. बोलतो फार. "आजोबा, टेन्शन नाही लेने का. एकच मशीन. ती गच्चीवर. छताखाली दुसरं छत करायचं, त्याच्यात नळ्या. नळीतून गार हवा सगळ्या खोल्यांत. मोठ्या लोकांच्या बंगल्यात असतं तेच, फक्त छोटं."

मी विचारलं, "लाईट गेली तर?"

"मग मशीन बंद."

"बंद झाली तर घर किती वेळ गार राहील?"

"दारं-खिडक्या नीट बंद असतील तर बराच वेळ."

बराच म्हणजे किती, ते त्याने सांगितलं नाही. इन्व्हर्टरवर एवढी मशीन चालत नाही म्हणाला.

सुकरी चहा घेऊन आली. त्याला म्हणाली, "यांच्याकडे लक्ष देऊ नको. आमच्या लग्नाच्या दिवशी मांडव पडेल म्हणून हे खांब धरून उभे होते."

गौतम हसला. कमलेशपण. हर्षाली सगळ्यात मोठ्याने, तिचे तीनच दात दिसतात हसताना. मीपण हसलो. पण त्या दिवशी वारा होता, हे सुकरी सांगत नाही.

२२ एप्रिल, मंगळवार

दुपारी लाईट गेली. ओला फ्रॉक, ओलं फडकं, पंखा हाताने. संध्याकाळपर्यंत हात भरून आला. पोर ठीक.

२७ एप्रिल, रविवार

आज घरात वाद झाला, आणि मी जिंकलो. जिंकून बरं वाटेना, पण मी माझ्या म्हणण्यावर ठाम आहे.

गौतमचीच मशीन घ्यायची ठरली. नवी, लहान, परवडेल अशी. गौतम कागदावर घर काढून दाखवत होता. म्हणाला, "इथे एक नळी बाहेरच्या हवेची. गार हवा आतल्या आत फिरत राहते ना, थोडी बाहेरची घ्यावी लागते. नाहीतर कोंदट होतं."

मी विचारलं, "म्हणजे भिंतीला भोक?"

"भोक म्हणजे, एवढंच. हाताएवढं."

हाताएवढ्या भोकातून मण्यार येते. दोन पावसाळ्यांमागे आपल्याच पाड्यात रामी झोपली होती, जमिनीवर, पोरांच्या शेजारी. सकाळी पोरं उठली, ती उठली नाही. तिला कळलंसुद्धा नसेल. मण्यारीचा दंश दुखत नाही, झोपेतच माणूस जातो. मी तिला खांदा दिलाय.

मी सांगितलं, ते भोक ठेवायचं नाही.

"जाळी लावतो ना, आजोबा."

"जाळी गंजते."

"साप ए.सी.त बसायला आला तर त्याच्याकडूनपण बिल घेऊ."

मला राग आला. म्हटलं, "तुझ्या घरी पोरगी असेल तर तिच्या डोक्यावर भोक पाड." कमलेश माझ्याकडे बघत राहिला. शेवटी गौतमला विचारलं, "ती नळी नसली तर मशीन चालते का?" गौतम म्हणाला, "चालते. खूप लोक लावत नाहीत. स्वस्तात पण पडतं. अधूनमधून खिडकी उघडायची, बस."

मग नळी रद्द झाली.

१ मे, गुरुवार

छताखाली छत झालं. पांढरं, गुळगुळीत. घर ठेंगणं वाटतं. सुकरी म्हणते, मडक्यात राहिल्यासारखं वाटतं. आमचं जुनं कुडाचं घर शेजारीच आहे, आता शेळ्या बांधतो. त्याच्या कारवीच्या भिंतींतून वारा यायचा, उजेड यायचा, थंडीच्या दिवसांत हिव यायचं.

सुकरीला हिव सोसत नाही. सूर्यमाळची ना ती. त्या डोंगरावर थंडीत घमेल्यात विस्तव घेतात, वरून राख घालतात, बाजेखाली ठेवतात आणि झोपतात. लग्न करून इथे आली तेव्हा तिने एकच गोष्ट मागितली होती – "रात्री माझ्या बाजेखाली विस्तव पाहिजे." तेव्हापासून दर थंडीत तो मी ठेवतो. ते काम मी तिला कधी करू दिलं नाही. माझ्या हातून न घाबरता होणारं तेवढंच एक काम.

४ मे, रविवार

मशीन गच्चीवर चढवली. चार माणसं लागली. मी खालून ओरडत होतो, सगळे मला गप्प करत होते. पडली नाही.

६ मे, मंगळवार

काम संपलं. गौतमने खिडक्यांच्या फटी कसल्याशा डिंकासारख्या वस्तूने भरल्या. दारांच्या खाली रबराच्या पट्ट्या ठोकल्या. मला हे फार आवडलं. मुंगीसुद्धा आत यायची नाही. कोपऱ्यातल्या खोलीत सुकरीची बाज आहे. तिथल्या दाराखाली थोडी फट राहिली होती, तिथे मी जुन्या धोतराची चिंधी कोंबली.

प्रत्येक खोलीत वर जाळी आहे, तिच्यातून गार हवा येते. गौतमने दाखवलं, पाती फिरवली की हवा कमी होते. दोनदा सांगून गेला, "दारं सारखी उघड-बंद करू नका. गारवा जातो, मशीनला ताण पडतो."

संध्याकाळी मशीन सुरू केली. हर्षाली सगळ्या खोल्यांतून पळाली. स्वयंपाकघर, पडवीचं दार, परत आत, बाजेवर, बाजेखाली. पळून पळून दमली आणि तिचं अंग गारच. रंजना दाराला टेकून उभी होती, तिला रडू आवरेना. कमलेश म्हणाला, "बाबा, हात लावून बघा ना." मी पोरीच्या कपाळाला हात लावला. गार. सात वर्षांत एप्रिल-मे महिन्यात हे कपाळ मी असं कधी पाहिलं नाही.

७ मे, बुधवार

सकाळपासून मशीन चालू. मी मीटरजवळ बसून. लाईट दोनदा मिचकली. गेली नाही.

सुकरी शाल घेऊन बसली होती. मी म्हटलं, "बंद करू का थोडा वेळ?" म्हणाली, "पोरीला बरं वाटतंय. माझ्यासाठी बंद कराल तर याद राखा."

८ मे, गुरुवार

दुपारी लिहितोय, ओट्यावर बसून. बाहेर ऊन असं आहे की शेळ्यापण जागच्या हलत नाहीत.

कमलेश, रंजना आपापल्या कामावर. मला सकाळी जेवण गेलं नाही. आज लाईट जाणारच असं वाटत होतं. टबात पाणी भरून ठेवलं, फडकी भिजवून ठेवली, शेजारच्या फागीला सांगून ठेवलं की हाक मारली तर धावत ये. फागी म्हणाली, "दादा, तुम्ही तरी आधी पाणी प्या."

जेवणानंतर सुकरी बाजेवर पडली. हातपाय गार, गुडघे दुखत होते, दात वाजत होते. मे महिन्यात दात वाजतात, आणि बाहेर जमीन भाजतेय! मी वरच्या जाळीची पाती मिटली. तरी तिचं हिव जाईना. मग पडवीतल्या चुलीत सकाळच्या भाकरीचा विस्तव होता तो घमेल्यात घेतला, चांगला लाल होता, वरून राख घातली आणि तिच्या बाजेखाली ठेवला. धूर अजिबात नाही. ती म्हणाली, "थंडीची आठवण झाली." मी तिच्या पायांवर शाल टाकली. बाहेर आलो आणि दार नीट ओढून घेतलं, चिंधीपण परत बसवली, म्हणजे तिची ऊब तिच्याकडे आणि पोरीचा गारवा पोरीकडे राहील.

हर्षाली मधल्या खोलीत चित्र काढत होती. मी मीटर बघायला बाहेर आलो. मघाशी आत डोकावलो तर खडू तसेच पडलेले, पोर नाही. मागून फिरून कोपऱ्याच्या खिडकीच्या काचेतून पाहिलं. आत जाऊन, दार परत लावून आजीच्या कुशीत झोपली आहे. दोघी गाढ. सुकरीचा हात तिच्या पाठीवर. दार उघडणार होतो, पण कशाला उठवा? पाती मिटलेली असली तरी खोली सकाळपासून गारच आहे. झोपू दे.

लाईट अजून गेली नाही. मशीनचा आवाज एकसारखा येतोय. किती दिवसांनी मी असा निवांत बसलोय. सुकरी उठली की तिला सांगणार आहे, आज मी घाबरलो नाही.

९ मे, शुक्रवार

दोघींना काल जव्हारला नेलं, तिथून कमलेश नाशिकला घेऊन गेला. रंजना शाळेतून आली, तिने दार उघडलं. दोघी उठेनात. श्वास होता. हर्षालीचा होता, सुकरीचा होता की नाही ते मला जीपच्या गर्दीत नीट कळलं नाही. मला बसायला जागा नव्हती, मी मागेच राहिलो.

डॉक्टरांनी कमलेशला फोन करून विचारायला लावलं, आत काय जळत होतं? मी सांगितलं, काही नाही, नुसता विस्तव. कमलेशने ते डॉक्टरांना सांगितलं. मग कमलेश म्हणाला, "बाबा, बंद खोलीत विस्तवाने हवा विषारी होते." त्यानंतर फोन नाही.

काल लाईट दिवसभर गेली नाही. गेली असती तर मी धावत जाऊन दार उघडलं असतं.

मी टेकडीवर टाकीजवळ बसलोय, इथे रेंज येते. फोन हातात आहे. कमलेश, शिव्या दे, पण काहीतरी कळव. जे असेल ते कळव. लवकर कळव.