काळ्या भिंतीवरच्या गणिताची व्यवस्था

मी, रेणू धनीराम कापगते, वय सव्वीस, एम.एस्सी. (भौतिकशास्त्र), घरातली पहिली पदवीधर, राहणार दिघोरी, पूर्ण शुद्धीत आणि कुणाच्याही दबावाशिवाय हे लिहिते. उद्या भंडाऱ्याला माझे पित्ताशयातल्या खड्यांचे ऑपरेशन आहे. डॉक्टर म्हणाले, किरकोळ आहे. आई मात्र सकाळपासून रडून रडून मला धीर देते आहे, म्हणून लिहून ठेवलेले बरे.

१. लॅपटॉप भाऊ कुलदीपला. त्यातले सिनेमे तसेही त्याचेच आहेत.

२. शिष्यवृत्तीतून उरेल ते धाकटी बहीण राखीच्या बी.एस्सी.साठी.

३. भोजराज काका दर दिवाळीनंतर मंडईच्या जत्रेत चारचौघांत विचारतात, "काय व पोरी, लागली का नोकरी?" त्यांची ही काळजी मी त्यांना साभार परत करते.

४. मागच्या खोलीची भिंत मी काळी रंगवून तिच्यावर संशोधन करते. जग अतिसूक्ष्म तारांच्या कंपनांतून घडले असेल, तर गुरुत्वाकर्षणही त्यांतूनच निघायला हवे. त्यासाठी दहा मितींचे गणित मांडावे लागते. आई म्हणते, "दहा मितीचा हिशोब करतेस, अन् तीन मितीची खोली झाडनं होत नाही तुह्यानं." आक्षेप मान्य आहे.

काकांनी राखीसाठी चिखल्याचे स्थळ आणले आहे. पुढच्या रविवारी पाहुणे येणार. काळी भिंत अशुभ दिसते, म्हणून त्याआधी चुना मारायचे ठरले आहे. राखीला कुणी विचारले नाही. मला विचारले, ते चुना कालवशील का म्हणून.

घर बाबांच्या नावावर असल्याने भिंत मला देता येत नाही. भिंतीवरचे गणित मात्र माझे आहे. ते मी राखीला देते. तिने ते कागदावर उतरवून घेईपर्यंत भिंतीला कुणी हात लावू नये. न समजता उतरवल्यास चुका होतील, म्हणून आधी ते समजून घ्यावे. त्याला बी.एस्सी. लागेल, एम.एस्सी. झाल्यास उत्तम. मला स्वतःला ते अजून पुरते समजलेले नाही, हेही नोंदवते.

मी जिवंत परतल्यास पहिली तीन कलमे रद्द समजावीत. चौथे लागू राहील.

रेणू धनीराम कापगते
दिघोरी, ता. लाखांदूर, जि. भंडारा
२३ नोव्हेंबर २०२५

साक्षीदार (राखीला लाभ असल्याने तिची सही घेतलेली नाही):

१. भोजराज कापगते, काका. सही केली. पटले नाही.

२. धनीराम कापगते, वडील. पोरीनं वाचून दाखवलं. चिखल्याच्या पाहुण्याइले फोन केलो, पोरगी सध्या शिकून राहिली म्हनलो.